मेंढा-लेखा : बंदूक गेल्यानंतरचा हिशेब

इंदूर : गेल्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आपल्या सीमाभागात ज्या बातम्या आल्या, त्या दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितल्या असत्या तर हसण्यावारी गेल्या असत्या. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून मोकळा झाला. २८ नोव्हेंबरला गोंदियात महाराष्ट्र-मध्यप्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बालाघाटमध्ये दहा जणांनी मुख्यमंत्री मोहन यादव यांच्यासमोर आत्मसमर्पण केलं, आणि ११ डिसेंबरला मध्य प्रदेश नक्षलमुक्त झाल्याचं जाहीर झालं. केंद्राने घातलेली ३१ मार्च २०२६ ची मुदत यायच्या आधीच आपल्या बाजूचा हिशेब मिटला.

फोटो आले, हार-तुरे झाले, बक्षिसाच्या रकमा छापून आल्या. चांगलंच झालं. या जंगलात दोन्हीकडून माणसं मेली आहेत, त्यात गरिबाचीच पोरं जास्त होती, आणि ‘खबऱ्या’ म्हणून रात्री घरातून उचलून नेलेल्यांची गणती तर वेगळीच. ते थांबत असेल तर त्यात किंतु-परंतु करायचं कारण नाही.

पण एक प्रश्न उरतो, आणि तो इंदूरच्या वाचकालाही तितकाच लागू आहे जितका लांजी-आमगावच्या. बंदूक गेली, तर तिच्या जागी गावात काय येणार? रस्ता येईल, टॉवर येईल, पोलीस ठाणं तर आलंच आहे. ठेकेदारही येईल. पण जंगलातून निघणाऱ्या पैशाची वही कुणाच्या हातात राहणार? या प्रश्नाचं उत्तर गेली पंधरा-सोळा वर्षं एक छोटं गाव स्वतःच्या कारभारातून देत आलंय. गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा.

बाहेर सगळे ‘मेंढा-लेखा’ म्हणतात. त्या भागात मेंढा नावाची गावं एकाहून जास्त, म्हणून ओळखीसाठी शेजारच्या लेखा गावाचं नाव मागे जोडलं गेलं. लेखा म्हणजे हिशेब, हे आपल्या इंदूरकडच्या माणसाला सांगायला नको. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून डोक्यात बसलं आहे, आणि या गावाची खरी गोष्ट हिशेबाचीच आहे असं माझं मत आहे. त्याच्यावर मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक आहे, संशोधकांचे प्रबंध आहेत, परदेशी पाहुणे येऊन गेलेत. त्यातलं बरंचसं लिखाण गावाच्या आदर्शपणाबद्दल आहे. मला त्यातल्या जमाखर्चाबद्दल बोलायचं आहे.

गाव केवढं? शंभराच्या आसपास घरं, पाचशेच्या आसपास माणसं, बहुतेक सगळे गोंड. धानोरा तीनेक किलोमीटरवर, जवळून कठाणी नदी जाते, आणि गडचिरोलीहून राजनांदगावकडे जाणारा रस्ता फार लांब नाही. गावाच्या भोवती १,८०९ हेक्टर जंगल. बांबू, मोह, तेंदू, ऐन, हिरडा, बेहडा, चारोळी. माणशी काढलं तर साडेतीन हेक्टरच्या वर जंगल वाट्याला येतं. म्हणजे गावाची श्रीमंती कुठे आहे ते कळलं. आणि २००९ पर्यंत त्या श्रीमंतीवर गावाचा कागदोपत्री मालकीसारखा काहीही हक्क नव्हता.

काहीही म्हणणं थोडं चुकेल. निस्तार होता. इथे आपल्या दोन्ही राज्यांच्या वाचकांनी जरा थांबावं, कारण हा धागा दोघांचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चांदा जिल्हा (आजचा चंद्रपूर आणि गडचिरोली) आणि बालाघाट एकाच राज्यात होते. त्या राज्याचं नाव मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. इंदूर तेव्हा वेगळ्या राज्यात, मध्यभारतात. १९५० च्या मध्यप्रदेशच्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली, जंगलं सरकारजमा झाली. गावकऱ्यांना घरासाठी लाकूड, जळण, गवत, कुंपणाचा बांबू घ्यायची जी जुनी वहिवाट होती ती ‘निस्तार पत्रका’त लिहून ठेवली गेली. म्हणजे मेंढ्याच्या हक्काचा पहिला कागद मराठी राज्यातला नाही, जुन्या मध्यप्रदेशचा आहे. बालाघाटच्या गावांचे निस्ताराचे कागदही त्याच काळातले, त्याच पद्धतीचे. पुढे राज्यं वेगळी झाली आणि कपाटंही वेगळी झाली. मेंढ्याने आपला कागद कपाटातून काढून वाचला. बाकी बहुतेक गावांचा तिथेच राहिला.

वाचायची सवय कुठून लागली? सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात इंद्रावती-गोदावरीवर इचमपल्ली आणि भोपालपटनम ही दोन मोठी धरणं येणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं. बाबा आमटे त्यात होते, आणि आताच्या छत्तीसगडमधल्या पानाबरसचे लाल श्याम शाह होते. धरणं बारगळली. आंदोलनातून परत आलेल्या मेंढ्याच्या लोकांपुढे प्रश्न राहिला की आता आपल्या गावात काय. त्याच सुमारास देवाजी तोफा गावात पुढे आले, आणि जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल गावाशी जोडले गेले. मोहनभाऊ गेल्या वर्षी जानेवारीत गेले. त्यांनी गावाला योजना आणून दिल्या नाहीत. ‘अभ्यास गट’ आणून दिला. म्हणजे गावातले लोक बसणार, एखादा विषय घेणार, कायदा असो की मध गोळा करायची पद्धत, आणि समजेपर्यंत बोलत राहणार. निर्णय अभ्यास गटात घ्यायचा नाही, तो ग्रामसभेतच.

आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने. बहुमत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा. आपल्यासारख्या सोसायटीच्या मीटिंगा बघितलेल्या माणसाला हे अशक्य वाटतं, पण कारण साधं आहे. बहुमताने हरलेला गट पुढच्या दिवशी बाहेरच्या कुणाकडे तरी जातो. वनखात्याकडे, पार्टीकडे, त्या काळात ‘आतवाल्यां’कडेसुद्धा. सर्वसहमतीच्या गावात फोडायला कुणी उरत नाही. हा माझा अर्थ आहे. गाव तो त्याच्या जुन्या रिवाजातून सांगतं.

पहिला झगडा घोटुलावरून झाला. गोंड गावात तरुण मुला-मुलींचं एकत्र येण्याचं ते घर. मेंढ्याने आपलं मोडलेलं घोटुल पुन्हा उभं केलं, त्याला सागवान जंगलातून आणलं. वनखात्याने पोलीस आणून ते उखडून लाकूड जप्त केलं. मग आजूबाजूच्या गावांनीही घोटुल उभारायला सुरुवात केली, आणि खात्याला माघार घ्यावी लागली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या काळातली. आज ती कॅलेंडरवर छापतात. तेव्हा ती म्हणायला हिंमत लागत असेल, कारण ‘आम्हीच सरकार’ म्हणणारे त्या जंगलात आणखी एक होते आणि त्यांच्याकडे बंदुका होत्या.

२००९ : एकाच तालुक्यातले दोन कागद

नक्षलवादी गडचिरोलीत आले १९८० मध्ये. जिल्हा तर नंतर झाला, २६ ऑगस्ट १९८२ ला. त्यानंतरची सगळ्यात वाईट साल कुठली असं पोलिसांना विचारलं तर बहुतेक २००९ सांगतील. १ फेब्रुवारीला मरकेगावजवळ पंधरा पोलीस मारले गेले. मे महिन्यात हत्तीगोट्याजवळ सोळा, त्यात पाच महिला पोलीस होत्या. ऑक्टोबरमध्ये भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ सतरा. यातलं मरकेगाव धानोरा तालुक्यातलं. मेंढाही धानोरा तालुक्यातलं.

आणि त्याच २००९ मध्ये, त्याच तालुक्यात, वनहक्क कायद्याखाली मेंढ्याच्या ग्रामसभेला १,८०९ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. मर्दा या गावासोबत. सामूहिक वनहक्काचा असा कागद मिळालेली देशातली ती पहिली गावं मानली जातात.

मला ही दोन कागदं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात : एक एफआयआर, एक अधिकारपत्र. सरकारने त्या वर्षी गडचिरोलीत आणखी कुमक पाठवली, ती पाठवायलाच हवी होती. पण तिथल्या एका जिल्हा प्रशासनाने, जिल्ह्यात रोज गोळ्या चालू असताना, एका गावाला जंगल सोपवायची सही केली. शांतता झाल्यावर हक्क देऊ, असं म्हणत ते थांबले असते तर कागद कधीच झाला नसता. पुढे या जिल्ह्यात तेराशेहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. भारतात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात एवढं झालेलं नाही. हे सगळं संघर्ष चालू असतानाच झालं.

याने नक्षलवाद संपला असा दावा मी करणार नाही. तो संपला त्यात पोलिसांचा, सी-६० चा, रस्त्यांचा, फोनचा, म्हातारे होत गेलेल्या नेतृत्वाचा, सगळ्याचाच हात आहे. पण तेंदूच्या मजुरीचा भाव वाढवून देऊ, वनखात्याच्या जाचातून सोडवू, याच बोलीवर ते १९८० मध्ये गावात शिरले होते. ज्या गावाने भाव स्वतः ठरवला आणि वनखात्याशी स्वतः भांडला, त्या गावात त्यांच्याकडे विकायला काय उरलं? हा विचार पोलीस अहवालात सापडत नाही. सापडायला हवा.

बांबूची पावती

हक्काचा कागद मिळाला म्हणजे पैसा मिळाला असं नसतं. कॉमर्सवाल्याला हे लगेच कळतं : मालकी वेगळी, विक्रीचा अधिकार वेगळा, वाहतुकीचा परवाना आणखी वेगळा. २००६ च्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे त्यावर गावाचा हक्क. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूचा समावेश ‘झाडा’त. झाड म्हणजे खात्याचं. वर्षानुवर्षं या भागातला बांबू लांब मुदतीच्या करारांवर कागद गिरण्यांना जात होता आणि गावाला मिळत होती ती तोडाईची मजुरी. आपल्या इंदूर विभागातलं नेपानगर आठवा. कित्येक वर्षं देशात वृत्तपत्राचा कागद बनवणारी ती एकमेव गिरणी होती, आणि तिच्यासाठी सलई अन् बांबू जंगलातूनच यायचा. आपण सगळे तो कागद वाचून मोठे झालो. त्या बांबूचा गावाला काय भाव मिळाला हे कुठल्याच पेपरात आलं नाही.

मेंढ्याने बांबू काढायचा ठराव केला तर खातं म्हणालं, वाहतूक परवाना आम्ही देणार नाही. कापलेला बांबू गावात पडून. परवान्याशिवाय ट्रक गेला तर जप्त. दीड वर्ष हा घोळ चालला. शेवटी २१ मार्च २०११ ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानायला सांगितलं, आणि २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले. ट्रान्झिट पासचं पुस्तक, टीपी बुक, देवाजी तोफांच्या हातात दिलं गेलं. एका पावती पुस्तकासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्र्यांना एका खेड्यात यावं लागलं, हे वाचून हसू येतं. पण ज्याने कधी धंदा केला आहे त्याला माहीत आहे की पावती पुस्तक कुणाकडे आहे, त्यावरून मालक कोण ते ठरतं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, नियमातच दुरुस्ती झाली आणि परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला ‘झाडा’च्या व्याख्येतून काढलं गेलं.

त्या पहिल्या हंगामात मेंढ्याच्या बांबूची उलाढाल कोटीच्या पुढे गेली. निविदा मागवली, जास्त भाव देणाऱ्याला माल दिला, पैसे बँकेत. तोडणाऱ्याला आधीपेक्षा जास्त मजुरी. ग्रामसभेने पॅन कार्ड काढलं. गावात आधीपासून शिस्त होती की मजुरीचा दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा. अडीनडीला त्यातूनच कर्ज घ्यायचं, सावकाराकडे जायचं नाही. त्यामुळे मोठी रक्कम आली तेव्हा वही लिहायची सवय अंगात होती. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. अचानक आलेल्या पैशाने गावं फुटलेली आपण पाहिली आहेत. धरणाचा मोबदला, हायवेचा मोबदला, तीन वर्षांत बुलेट आणि पाच वर्षांत भांडण. इथे पैशाआधी वही आली होती.

आता जरा किचकट भाग, पण तो वाचाच, कारण पुढच्या दहा वर्षांत भांडणं याच्यावरून होणार आहेत. करखात्याच्या डोळ्यांत ग्रामसभा म्हणजे कोण? कंपनी नाही, सहकारी संस्था नाही, ट्रस्ट नाही. स्थानिक प्राधिकरण म्हणावं तर ती ग्रामपंचायत. जुन्या आयकर कायद्याचं कलम १०(२६) अनुसूचित जमातीच्या माणसाच्या उत्पन्नाला सूट देतं, पण ती ईशान्येकडच्या भागांत आणि लडाखमध्ये. गडचिरोली, बालाघाट, झाबुआच्या आदिवासीला ती नाही. तेंदूपत्त्यावर विकणाऱ्याने खरेदीदाराकडून टीसीएस घ्यायचा असतो; ग्रामसभा त्या ‘विकणाऱ्या’च्या व्याख्येत नेमकी कुठे बसते? जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर सरळ १८ टक्के लागला. विडीवाला ठेकेदार तो स्वतःच्या खिशातून थोडाच भरणार, तो बोलीच कमी लावतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलने हा दर ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. आत्मसमर्पणाच्या बातम्यांच्या धामधुमीत ही बातमी कुणी वाचली नाही, पण तेंदू विकणाऱ्या गावांच्या दृष्टीने ती लहान नाही.

हे सगळं समजावणारा माणूस गावाला कुठे मिळतो? तालुक्याच्या सीएला ग्रामसभेचं ऑडिट कसं करायचं माहीत नसतं. पुनर्वसनाच्या पॅकेजमध्ये घर आहे, रोख आहे, कौशल्य प्रशिक्षण आहे. गावाची वही लिहायला शिकवणारा दोन वर्षांचा मुनीम कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

जे जमलं नाही ते

मेंढ्याची आरती ओवाळून थांबलो तर वाचकाची फसवणूक होईल. गाव रस्त्याच्या आणि तालुक्याच्या जवळ. अबूझमाडच्या कडेचं नाही. त्याला देवाजींसारखा गावातला माणूस आणि मोहनभाऊंसारखा बाहेरचा, दोन्ही एकाच वेळी मिळाले, आणि तीस-पस्तीस वर्षं टिकले. असं जुळून येणं सरकारी आदेशाने होत नसतं. शिवाय गाव छोटं, एकाच समाजाचं. जिथे गोंड, बैगा, पोवार, मरार, कलार असे पाच समाज एका गावात राहतात, तिथे सर्वसहमतीचं गणित फार अवघड.

२०१३ मध्ये मेंढ्याने आणखी एक पाऊल टाकलं. महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली सगळी शेतजमीन गावाच्या नावावर करायचा ठराव केला. कसणारा कसत राहील, पण बाहेरच्याला विकता येणार नाही. विनोबांच्या काळचा, सगळे विसरलेला कायदा. ठराव झाला आणि पुढची कागदं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. बांबूच्या वेळी मंत्री आले होते; ग्रामदानाच्या वेळी इतकी घाई कुणाला झाली नाही. गावाने बांबू विकला की सरकारला बरं वाटतं. गावाने आपली जमीन विकायची नाही म्हटलं की फाइल जड होते.

‘मेंढा एकच, दुसरं होत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी मात्र कोरची तालुका आहे. छत्तीसगडला लागून, तोही संघर्षातला. तिथल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, तेंदूचा लिलाव एकत्र करू लागल्या, बायका बैठकीत बरोबरीने बसू लागल्या. हिशेबाच्या कटकटी त्यांनाही आहेत, ठेकेदाराने पैसे थकवल्याच्या तक्रारी आहेत. पण एकट्या गावाला जे जमत नाही ते तालुक्याला जमू शकतं, एवढं तरी त्यातून दिसतं.

आता बालाघाट, आणि आपलं निमाड

बालाघाटकडे बघूया. डिसेंबर १९९९ मध्ये किरनापूर भागातल्या सोनपुरीत, स्वतःच्या गावात, मध्य प्रदेशचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची हत्या झाली होती. राज्याचा मंत्री घरात मारला जातो, इतकी ती दहशत होती. लांजी, किरनापूर, बैहर, परसवाडा हा पट्टा तेव्हापासून बातम्यांत. लांजी-किरनापूरला मराठी कानावर पडते, सोयरिकी आमगाव-सालेकसाला. हॉक फोर्सने तिथे माणसं गमावली. गेल्या नोव्हेंबरमध्येच निरीक्षक आशिष शर्मा गेले.

आता तिथे काय होणार? मध्य प्रदेशने पेसाचे नियम केले १५ नोव्हेंबर २०२२ ला. केंद्राचा कायदा १९९६ चा, म्हणजे सव्वीस वर्षांनी. महाराष्ट्राने २०१४ ला केले, तोही उशीरच. पण पेसा लागू होतो फक्त अनुसूचित क्षेत्रात, आणि बालाघाट जिल्ह्यात ते आहे बैहरच्या बाजूला. लांजी त्यात नाही. म्हणजे एकाच दलमने दहशत घातलेल्या दोन शेजारच्या गावांपैकी एकाला पेसा आहे, दुसऱ्याला नाही. त्या दुसऱ्याला आधार फक्त २००६ च्या वनहक्क कायद्याचा, कारण तो सगळीकडे लागू आहे. आणि नेमकं तिथेच मध्य प्रदेश मागे आहे. वैयक्तिक पट्टे इथे लाखोंनी वाटले गेले, नाकारलेही तितकेच गेले. मग ‘वनमित्र’ पोर्टलवर फेरतपासणी झाली. पण मेंढ्याला मिळाला तसा, गावाच्या सगळ्या जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेला देणारा कागद इथे फार क्वचित दिसतो. पट्टा म्हणजे दोन-चार एकर शेत. त्याने घर चालतं, गाव चालत नाही.

दुसऱ्या बाजूला खाण आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा लोहखनिजाचा ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये मंजूर झाला होता. २०१६ मध्ये तिथे ७० हून जास्त ट्रक जाळले गेले. आज तिथून रात्रंदिवस ट्रक निघतात आणि कोनसरीला कारखाना उभा आहे. पोरांना नोकऱ्या मिळाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पगाराची स्लिप ही त्या भागात नवी आणि चांगली गोष्ट आहे. पण कंपनीचा ताळेबंद शेअर बाजारात तिमाहीला छापून येतो, आणि त्याच डोंगराच्या गावांच्या ग्रामसभेचा ताळेबंद कुणी मागत नाही. दोन्ही मागितले पाहिजेत. बालाघाटलाही मलाजखंडचं तांबं आहे, भरवेलीचं मँगनीज आहे. बंदूक गेल्यावर नव्या खाणींचे नकाशे निघायला वेळ लागणार नाही.

इंदूरच्या वाचकाला वाटेल हे सगळं पाचशे किलोमीटर पलीकडचं आहे. पण धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी हे आपले शेजारी, तिथे पेसा लागू आहे. सकाळी इंदूरच्या मजूर चौकात उभी असलेली माणसं बऱ्याच अंशी तिथूनच येतात. निमाडात माओवादी कधी शिरले नाहीत म्हणून तिथल्या ग्रामसभेचं पावती पुस्तक कुणी विचारायचं नाही, असं थोडंच आहे? उलट बंदूक नसलेल्या जागी हक्क देणं जास्त सोपं असायला हवं होतं. बुरहानपूरला जंगलावरून काय पेटलं होतं ते आपण २०२३ मध्ये पाहिलं.

मध्य प्रदेशच्या पेसा नियमांत एक तरतूद आहे. ग्रामसभेला तेंदूपत्ता स्वतः गोळा करून विकायचा असेल, तर तसा ठराव आधीच्या वर्षी १५ डिसेंबरपर्यंत करून द्यावा लागतो. नाहीतर पुढच्या उन्हाळ्याचं संकलन लघु वनोपज संघाच्या समित्यांकडेच. बालाघाट नक्षलमुक्त जाहीर झाला ११ डिसेंबरला, म्हणजे बैहरच्या गावांकडे त्या हंगामासाठी चार दिवस होते. आता पुढची तारीख १५ डिसेंबर २०२६. बैहर, परसवाडा, बिरसा इथल्या किती ग्रामसभा तो ठराव करतात, आणि त्यांना तो लिहायला मदत कोण करतं, ते आम्ही त्या आठवड्यात मोजून इथे छापू.